धवल्यातलं नाव

हळद लागायच्या आधीच गुणाबाईंनी मंडपात जाहीर करून टाकलं, "करवली भावना राहील."

भावना शेजारची मुलगी. गुणाबाईंच्या कल्पेशला, म्हणजे नवरदेवाला, सख्खी बहीण नव्हती. चुलत मात्र होती. हरेशकाकाची प्रांजल. हरेश जहाजावर असतो. प्रांजलची आई मारिसेल फिलिपिन्सची, पण मराठी बोलते ते अस्सल या गावचं, रोडपालीचं.

"ताई, बहीन हाय ना त्याला," ती जावेला म्हणाली.

"हाय गो. पन तिचा तोंड बघ. नवरीकडची मानसा विचारतील, ही चिनी कुटशी आनली? पुडच्या लग्नाला बघू."

प्रांजल तिथेच उभी होती, नवी साडी नेसून. ती पदराची पिन काढू लागली. मारिसेलने तिचा हात धरला.

मारिसेलच्या गावी, ओलोंगापोत, गोऱ्या खलाशांनी मागे टाकलेली मुलं होती. सणासमारंभात त्यांचं नाव कोणी घेत नसे आणि त्यांच्या आया खाली मान घालून बसत. त्या माना मारिसेल विसरली नव्हती.

धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, सुरू झाले. धवलारीण सोनाबाई एकेक ओळ गाणार आणि बायांनी ती उचलायची, ही रीत. लग्नातल्या माणसांची नावं अशीच देवांच्या कानी घालतात.

"करवली कोन गो, करवली कोन?"

बायांनी ओळ उचलली. भावनाचं नाव सांगायला गुणाबाई सोनाबाईच्या कानाशी वाकल्या, तेवढ्यात मारिसेल उभी राहिली. धवल्यात मध्येच तोंड घालायची छाती गावच्या सुनांचीही होत नाही. ही तर परदेशातून आलेली. तरी गायलीच. बाई असावी तर अशी!

"हरेशची लेक गो, प्रांजल नाव."

सूर पार फसला होता. पण ओळ आली की उचलायची, ही बायांची जन्माची सवय. सगळ्यांनी उचलली, आणि त्यात गुणाबाईंचा खणखणीत आवाजही होता.

मग त्यांच्या ध्यानात आलं.

"सोनाबाय, ती वल मागं घे!"

"कशी घेऊ? देवांना नाव पोचला, गुणा. तुज्या पन तोंडून पोचला." सोनाबाईने मान वळवली. "ये गो करवले, दादाच्या मागं उबी रा."