कोरी चिठ्ठी

अक्षर न् अक्षर खरं आहे बरं का. यातला एक शब्द जरी पदरचा निघाला, तर माझे उरलेले दोन दात आत्ताच्या आत्ता पडोत.

नव्या वर्षाची पहिली सकाळ. चर्चमधली उपासना संपत आली होती आणि वचनांची टोपली बाकाबाकांवरून फिरत होती. एकेकानं चिठ्ठी उचलायची, उभं राहून मोठ्यांदा वाचायची. जे वचन निघेल ते देवानं त्या माणसाला वर्षभरासाठी दिलेलं. सगळ्यांनी आमेन म्हणायचं, की झालं नवं वर्ष सुरू.

तिसऱ्या बाकावर घडीआजी बसली होती. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चाळीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या, म्हणून हे नाव. अजूनही कुणाचा हातरुमाल हातात आला की चार घड्या घालूनच परत करायची. एका बाजूला मुलगा, लिफ्ट दुरुस्त करणारा. दुसऱ्या बाजूला सून. आणि बाहेर गाडीच्या डिकीत आजीची बॅग. उपासना संपली की तिथून थेट वृद्धाश्रम.

महिन्याभरात दोनदा गॅस उघडा राहिला होता. "तिसऱ्यांदा मला वास नाही आला तर काय करायचं, आई?" असं सूनबाईंनी विचारलं, आणि ते आजीलाही पटलं होतं. म्हणून तर राग जास्त.

टोपली जवळ यायला लागली तशी आजी मनातल्या मनात देवाला म्हणाली, बाबा रे, फार काही नको. असं एखादं वचन काढ, की ऐकून हा पोरगा चरकला पाहिजे. एवढ्या जाडजूड पुस्तकात एक तरी असेलच की.

सुनेला भरलेल्या कोठारांचं वचन निघालं. "आधी फ्रीज मोठा घ्या," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. मुलाला निघालं, की देव तुझा पाय घसरू देणार नाही. लिफ्टवाल्याला बरंच झालं.

मग आजीनं चिठ्ठी उचलली. सुरळी उलगडली. कोरी. पाळकांच्या बायकोनं कागद कात्रीनं कापताना खालची रिकामी पट्टीही गुंडाळून टाकली असणार, दुसरं काय.

परत टाकून दुसरी घेता आली असती. आजी उभी राहिली, चष्मा लावला, पट्टी डोळ्यांसमोर धरली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली.

"परमेश्वर म्हणतो, मुला, जिने तुला न्हाऊमाखू घातले, तिचे हात थकले म्हणून तिला परक्याच्या दारी ठेवू नको. ठेवशील, तर तुझ्या नव्या वर्षाला मी जुनेच दिवस देईन."

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली. सगळ्यात मोठं आमेन गायनमास्तरांचं. त्यांची आई तीन वर्षं त्याच आश्रमात होती.

पाळकांनी चष्म्यावरून पाहिलं. "आजी, अध्याय कुठला?"

"आकडे फार बारीक आहेत हो. मला कुठलं दिसतंय आता."

लोक हसले. मुलगा हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते. लागलं, आजीला वाटलं. शेवटचं गीत होईपर्यंत तिनं मनातल्या मनात बॅग घरी नेली, कपडे पुन्हा कपाटात लावले, गॅसकडे फिरकायचं नाही असं ठरवलं. गार जेवू, त्यात काय.

बाहेर गाडीपाशी मुलगा म्हणाला, "आई, ते वचन पुस्तकात नाहीये."

"तुला बरं माहीत."

"सगळं पाठ तूच करून घेतलंस ना माझ्याकडून? एक ओळ चुकली की जेवण उशिरा. दाखव चिठ्ठी."

आजीनं चिठ्ठी तोंडात टाकली. दोनदा चावली आणि गिळून मोकळी झाली.

"अहो आई, पाणी देऊ का?" सून घाबरीघुबरी.

मुलगा मात्र शांत होता. "देवाच्या नावावर खपवलंस," तो म्हणाला. "लहानपणी मी देवाची खोटी शपथ घेतली, तर मला न्हाणीघरात कोंडलं होतंस तू."

आजी स्वतःहून गाडीत जाऊन बसली.

आश्रमात तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद. सणासुदीचं कोण येतंय दुरुस्तीला, असं तिथल्या बाई म्हणाल्या. मुलानं बॅग खाली ठेवली. गाडीतून हत्यारांची पेटी आणली, पत्रा उघडला, गुडघ्यांवर बसला. शर्टाची पांढरी बाही काळी झाली. पाऊण तासानं लिफ्ट हलली. तो एकटाच आत शिरून वर गेला, खाली आला, पुन्हा एकदा वर जाऊन आला. मग दार धरून उभा राहिला.

"ये, आई. आता तुला जिने चढायला नकोत," तो म्हणाला.

आजी आत गेली. दार छान लागलं, जराही खडखड नाही.

आता एवढं एक सांगून टाकते. चिठ्ठी कोरी नव्हती. पाळकांच्या बायकोवर उगाच आळ घेतला मी. घाबरू नकोस, मी तुझ्याबरोबर आहे, असं काहीसं होतं त्या चिठ्ठीवर, चांगल्या ठसठशीत अक्षरात. पण देव बरोबर असणार हे आजीला ठाऊकच होतं. तिला मुलगा हवा होता.