पडद्याचं दुसरं टोक

“टोक सोडू नकोस,” पडद्याच्या पलीकडून बाबा म्हणाले.

“नाही सोडत. तुम्ही विषय सोडू नका.”

दोघांच्या मध्ये कुणाच्या तरी दिवाणखान्याचा लांबलचक पांढरा पडदा होता. घरोघरचे पडदे उतरवून आणायचे, धुऊन, इस्त्री करून पुन्हा टांगून द्यायचे, हा बापलेकीचा धंदा. दुकानामागच्या वाळवणीच्या खोलीत दोऱ्यांवर पडद्यांमागे पडदे झुलत. आत शिरलं की माणसाची आधी सावली व्हायची, मग नुसता आवाज उरायचा. एकमेकांचा चेहरा दिसत नसे, म्हणूनच की काय, दोघांचं बोलणं व्हायचं ते तिथेच.

“हा कोच म्हणजे काय?” बाबांनी विचारलं. “आता सोफेही धुवायचे?”

“बाबा, तोच विनोद पुन्हा. धंद्याचा सल्लागार असतो. दुकान बघतो, सगळी घडी बसवून देतो.”

“घडी आपली बसलेलीच आहे. अडतंय कुठे?”

“आपल्यावाचूनच अडतं. जरा कुठे गेलं की कुलूप. उद्या मी नसले... आपण नसलो, तरी दुकान चाललं पाहिजे.”

पलीकडची सावली जराशी थांबली.

“फार जीव आहे गं तुझा या दुकानावर.”

“तुमचं दुकान आहे,” ती म्हणाली.

मग दोघांनी पडद्याची घडी घातली. त्यांची एक रीत होती. कोपरे जुळवायचे, मनगटाला हिसका देऊन कापडातली हवा काढायची, एकमेकांकडे चालत यायचं आणि आपलं टोक दुसऱ्याच्या हातात देताना घडी दोनदा थोपटायची. थोपटायची कशाला, असं तिने लहानपणी विचारलं होतं. “मी पोचलो, हे सांगायला,” बाबा म्हणाले होते.

तो गुरुवार होता. बाबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, घडी घातलेला पडदा काखेत घेतला.

“टांगून येतो.”

“आणि शिडी?”

शिडी भिंतीला टेकून उभी होती.

“त्यांच्याकडे आहे.”

गुरुवारच्या गिऱ्हाइकाकडे शिडी असायचीच. इतर वारी बाबा परत आले की कुठल्या खिडकीतून काय दिसलं ते सांगत. कधी समुद्र, कधी कुणाच्या गच्चीवरची मांजरं. गुरुवारी मात्र म्हणत, “भिंत.”

“मग कोचाचं काय ठरलं?” तिने हाक मारून विचारलं.

“या वयात मला कोण काय शिकवणार?” ते दारात वळले. तिने तेवढ्यात पुस्तक उघडलं होतं. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि म्हणाले, “प्राध्यापक, पुस्तक बाजूला ठेवा. इस्त्री तापलीये.”

संध्याकाळी ते परतले, जेवले, झोपले. सकाळी उठले नाहीत.

भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना म्हणायचा, “दुकान बंद करू नकोस हं. त्यांचा जीव होता त्यात.” दुकानात पडद्यांची शिलाई करणाऱ्या मावशी तर म्हणाल्या, “वर बसून बघतायत ते. दार उघडलं नाहीस तर खाली येतील.”

तिने दार उघडलं. दिवस वाफेसारखे गेले. दुपारी खिडक्यांतून वारा आला की सगळे पडदे एकदम श्वास घ्यायचे आणि एखाद्यामागे कुणी हात वर केल्यासारखं वाटायचं. ती तो पडदा बाजूला करत नसे. बाजूला केला नाही, तोवर मागे माणूस असतोच.

पण मोठ्या पडद्यांची घडी एकटीला घालता येईना. मावशींचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. एकेक घर सुटू लागलं. शेवटी तिने त्या भागातल्या एकुलत्या एक कोचबाईंना फोन केला.

“पत्ता सांगते...”

“सापडेल मला,” पलीकडचा आवाज हळू होता.

बाई आल्या त्या दुपारी वारा पडला होता. वाळवणीच्या खोलीत त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या.

“दुकान वाढवायचंय?” त्यांनी विचारलं.

“बंद पडायला नको. त्यांच्यासाठी.”

“आणि तुमच्यासाठी?”

“माझं काय त्यात?”

उत्तर तिथेच तोडायचं म्हणून तिने दोरीवरचा पांढरा पडदा ओढला आणि सवयीने त्याचं दुसरं टोक पुढे केलं. बाईंनी ते धरलं. कोपरे जुळवले. मनगटाला हिसका दिला. हवा निघाल्याचा ओळखीचा आवाज झाला. मग त्या चालत आल्या, टोक तिच्या हातात दिलं आणि घडी थोपटली. दोनदा.

तिने घडीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, “हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“दर गुरुवारी यायचे. हाताला काम असल्याशिवाय बोलता येत नाही म्हणायचे, म्हणून पडदा आणायचे. माझ्या खिडकीसमोर भिंत आहे. तिला पडदा कशाला? घडी मोडायचो, पुन्हा घालायचो.”

“बाबा? कोचाकडे?”

“पहिल्या दिवशी विचारलं, सोफा कुठे आहे?”

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “म्हणजे त्यांना दुकान वाढवायचं होतं. मला बोलले नाहीत.”

“तुम्ही बोलावल्याशिवाय इथे यायचं नाही, असा शब्द घेतला होता त्यांनी.” बाईंनी नकारार्थी मान हलवली. “वाढवायचं नव्हतं. बंद करायचं होतं. दमलोय म्हणायचे, दुसऱ्यांच्या खिडक्या पुरे झाल्या. पण लेकीचा जीव आहे दुकानावर, तिला कोणत्या तोंडाने सांगू? माझ्याकडे तेवढंच शिकायला यायचे. दर वेळी म्हणायचे, आज घरी जाऊन सांगतोच.”

वारा उठला. पडद्यांनी श्वास घेतला. अगदी मागच्या पडद्याआड कुणी हात वर केल्यासारखं झालं. ती घडी छातीशी धरून तिथवर चालत गेली. पडदा बाजूला केला नाही. हातातली घडी दोनदा थोपटली.

“बाबा,” ती मोठ्याने म्हणाली, “मलाही हे दुकान कधीच नको होतं.”