मागचा गंज

बायको म्हणायची, "घरात एक तर ते धूड राहील, नाहीतर मी." धूड म्हणजे घरच्या वर्कशॉपसाठी भंगारातून आणलेलं जुनं व्हर्टिकल मिलिंग मशीन. तिने शब्द पाळला. आजारपणात ती गेली, मशीन राहिलं. मी ते दुरुस्तीला काढलं. गंज घासायचा, तेल लावायचं, पुसायचं. पुसायला जुन्या सुती कपड्यासारखं काही नाही, आणि तिचं कपाट भरलेलं होतं. फोनवर लेक म्हणाली, "कपाट आवरताय, बरं झालं बाबा." परवा ती आली. डब्यातली तेलकट चिंधी बघून थबकली. "हा आईचा फुलाफुलांचा गाऊन ना?" "हो. तेल छान शोषतो." ती मशीनभोवती फिरली. "मागचा गंज तसाच ठेवलात?" "फडकी संपली." तिने जाऊन कपाट उघडलं. एकच निळा गाऊन टांगलेला होता, सुतीच. दार हळूच लावत ती म्हणाली, "हो बाबा, संपलीच."