वाळू बघून घेतलेले मासे

"अहो, मासे नंतर बघा. आधी वाळू बघा."

नवरा दुकानातल्या वरच्या टाकीला नाक लावून उभा होता. आत आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवराचे निळेशार सिक्लिड मासे मिरवत होते. त्याचं भान हरपलेलं.

घरच्या टाकीत मासे त्याचे आणि झाडं तिची, अशी वाटणी होती. मागच्या खेपेला त्यानं आणलेल्या माशांनी झाडं मुळासकट उपटली होती. तिनं मासे परत केले, काडी काडी रुजवून बाग पुन्हा उभी केली. आता तिसऱ्यांदा लावायचं बळ तिच्यात नव्हतं. म्हणून आज ती स्वतः आली होती.

"तुला काय कळतं गं माशांतलं?"

"माशांतलं नाही कळत. खोडी कळते."

तिनं बोट दाखवलं. निळ्यांच्या टाकीत नुसते खड्डे आणि ढीग, रस्ता खणून ठेवावा तसे. मग ती सावकाश खाली बसली. तळातल्या टाकीत बोटाएवढे, मळकट मासे होते. अंगावर एक काळा ठिपका, बस. वाळू मात्र इस्त्री केल्यासारखी. कोपऱ्यातलं नाजूक रोपही जागच्या जागी.

"तेही आफ्रिकेचेच, वहिनी," दुकानदार म्हणाला. "सिक्लिडच, पण ओढ्यातले. कुणी ढुंकून बघत नाही. दिसायला अगदीच पुचाट."

"यांतली जोडी द्या."

"अगं, पाहुण्यांना दाखवायचं काय?" नवरा कळवळला.

"झाडं," ती हळूच म्हणाली आणि पिशवी पुढे केली.

काही महिन्यांनी घरच्या टाकीतली झाडं पाण्याच्या वर डोकावू लागली, तेव्हा एका सकाळी ती कात्री घेऊन टाकीपाशी आली. एक रुंद पान फारच माजलं होतं. त्याच्या सावलीत खालची रोपं पिवळी पडत होती.

नवरा आधीच तिथं मांडी ठोकून बसला होता. पुचाट मासे आता मोरपंखी ठिपक्यांनी चमचमत होते. त्याच पानावर राईएवढी अंडी चिकटलेली, आणि दोघं आळीपाळीनं त्यांना परांनी वारा घालत होते.

"हेच छाटायचं होतं ना तुला?" त्यानं श्वास रोखून विचारलं.

तिनं कात्री मिटली.

"राहू द्या. ते पान भाड्यानं दिलंय."