तुळईवरची जागा

इंग्लंडमधल्या एका गावच्या बाजारचौकातली ती इन, म्हणजे जुनी सराई, चारशे वर्षांची. घोडागाड्या आत घ्यायची कमान अजून शाबूत होती. सरकारी जतन-यादीतली, म्हणजे लिस्टेड बिल्डिंग असल्यामुळे ओकच्या तुळईत साधा खिळा ठोकायचा, तरी कौन्सिलला विचारावं लागे. म्हणून इनच्या मालकीणबाई, सुलक्षणाकाकू, यांनी कौन्सिलमधल्या ईशिताला बोलावून घेतलं होतं. ईशिता इकडेच जन्मलेली, मराठी अडखळत बोलणारी.

बारच्या वरच्या तुळईला आधीच्या मालकांच्या तसबिरी ओळीने टांगलेल्या होत्या. काकूंनी शेवटच्या तसबिरीशेजारची रिकामी जागा दाखवली.

“इथे काय लावायचा आहे, काकू?”

“हे.”

ईशिताने त्यांच्या हाताकडे पाहिलं. टी-टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी छातीशी धरलं होतं.

“हे नवीन आहे का? सॉरी, नवीन नाही चालत. बिल्डिंगची हिस्टरी असेल तरच परमिशन मिळते.”

“गेल्या महिन्यापर्यंत हिस्टरी नव्हते गं,” काकू म्हणाल्या. “आता झालेत.”

त्यांनी टॉवेल उलगडला आणि मिस्टरांच्या फोटोवरचा चंदनाचा हार सरळ केला.