चिठ्ठीसकट

पोलीससाहेब, तुम्ही खोटं बोललात. एल्डनची दुनळी बंदूक चोरीला गेली तेव्हा "माल कधीच लांब गेला, आता विसरा" म्हणालात. वर विचारलंत, "घरातल्याच कुणी विकून फुंकली नाही ना?" म्हाताऱ्याच्या डोक्यात किडा सोडलात तो तुम्ही.

रविवारी दुपारी तीन वाजता केंटकीतला बंदुकांचा बाजार उठायला आला होता. तासाभरात टेबलं आवरायची, म्हणून भाव उतरलेले. एल्डन मुद्दाम याच वेळी जातो. त्याने एक दुनळी उचलली आणि सवयीने नावं ठेवायला लागला.

"गंजलीय. दस्ता फुटलाय. तारेने बांधलाय कुणा येड्याने."

बोलता बोलता त्याने तारेवरून अंगठा फिरवला. तांब्याची ती तार त्यानेच गुंडाळली होती.

"सरकारी लिलावात घेतली, काका," टेबलामागचा हार्लन म्हणाला. "चापाच्या कडीला चिठ्ठी आहे बघा अजून."

एल्डनने चष्मा चढवला. चिठ्ठीवर तुमचा शिक्का. कुणा अनोळखी घरफोड्याच्या गाडीतून जप्त. तारीख अकरा ऑक्टोबर, चार वर्षांपूर्वीची.

पोटच्या पोराला, कोल्बीला, चोर म्हणून त्याने घराबाहेर काढलं ते तेरा ऑक्टोबरला.

दोन दिवस, साहेब! दुनळी तुमच्या कपाटात, तिचा नंबर लिहिलेली तक्रारही तुमच्याच कपाटात. आणि तुम्हाला एक फोन जड झाला.

"तीनशे डॉलर लिहिलेत, पण अडीचशे द्या," हार्लन म्हणाला.

"तीनशेच घे. चिठ्ठी मात्र काढू नकोस."

बाहेर गाडीच्या पायरीवर बसून त्याने पोराला फोन लावला.

"दुनळी सापडली रे. तू नव्हती घेतलीस."

"तेच तर सांगत होतो, बाबा."

मग कोल्बीनेच विचारलं, "कितीला पडली?"

"मागितले तेवढे दिले."

"घासाघीस न करता? बाबा, तब्येत बरी आहे ना?"

एल्डन इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला.

"चुकलं माझं, पोरा. आज जेवायला ये. येतोस ना?"

पलीकडून हुंदका आला.

"रडू नकोस, गाढवा. येतोस की नाही ते बोल."