पोटाखालची पट्टी

"तीन आठवडे घासायचं मी, आणि यांनी वीस सेकंद वारा सोडून मोकळं व्हायचं," मास्टर ल्यूडके पुटपुटले. "वर हिला म्हणायचं काय, तर 'वस्तू'! चांगले पंख आहेत हिला. एखादं नाव ठेवायला काय जातंय यांचं?"

शेजारी बसलेल्या वाल्ट्राउटला एरवी हसू आलं असतं. आज तिने वही छातीशी घट्ट धरली.

भिंतीपलीकडे पंप घुरघुरत होते. भल्यामोठ्या लोखंडी गोळ्यातली हवा उपसून झाली की झडप उघडायची, बाहेरची हवा आवाजाच्या दुप्पट वेगाने बोगद्यात घुसायची आणि मधे बसवलेल्या हातभर पितळी नमुन्यावर आदळायची. वीस सेकंद. मग पुन्हा पंप, पुन्हा वाट बघणं. त्रेचाळीस सालच्या, महायुद्धातल्या त्या हिवाळ्यात, बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर, दिवस असे वीस-वीस सेकंदांनी सरत होते.

आकडे मांडायचं काम वाल्ट्राउटचं. मास्टरांनी केलेला नवा नमुना बसवल्यापासून हवेचा विरोध थोडा जास्त येत होता. तिने तीनदा बेरजा तपासल्या आणि वहीत लिहिलं, 'कारण कळत नाही'. खाली सही केली. तिला वाटलं, काटा बिघडला असेल. आज सकाळी चाचण्यांचे प्रमुख डॉक्टर केसेनिखांनी नमुना काढून त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला. पोटाखाली, नाकापासून शेपटीपर्यंत, काडीएवढी पट्टी झाळून बसवलेली होती. इतकी सफाईदार की डोळ्यांना दिसलीच नव्हती. नकाशात ती नव्हती.

सहा दिवसांच्या चाचण्या पाण्यात. वाया गेलेल्या कामाला तिथे एकच शब्द होता, घातपात. मागच्या वर्षी एका फिटरच्या नावापुढे तो लिहिला गेला. आता त्याच्या खुंटीवर दुसऱ्याचा कोट होता.

चौकशीला आलेला सुरक्षा विभागाचा कॅप्टन उभ्याउभ्याच बोलला. "ही पट्टी कोणी लावली?"

"मी." मास्टर उठले. गुडघे वाजले. "राहून गेली होती नकाशात."

"राहून गेली?"

"आमच्याकडे कागद येतो तोच कात्री लावून, साहेब. मापं तेवढी ठेवतात. कशाचं, कशासाठी, ते सगळं कापलेलं. गुप्त ना!" मास्टरांनी डॉक्टरांकडे मायेने पाहिलं. डॉक्टर एकतीस वर्षांचे होते. "बावीस वर्षं मी ऱ्होनच्या टेकड्यांवर ग्लायडर बांधले. कॉलेजातली पोरं नकाशे घेऊन यायची, त्यात हमखास काहीतरी विसरलेलं असायचं. मी गुपचूप घालून द्यायचो. चारचौघांत चूक काढली की हिरमुसतात बिचारी."

"आणि इथे काय विसरलं होतं?"

"उतरायचं!" मास्टरांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "पंख आहेत, म्हणजे तरंगत खाली येणार. चाकं नाहीत. मग निदान घसरायला पट्टी नको? पहिल्याच ढेकळाला पोट फाटेल की. आत बसलेल्या पोराचे पाय जायचे."

"थट्टा करताय माझी?"

"या वयात?"

कॅप्टन डॉक्टरांकडे वळला. "हे काय आहे, ते यांना सांगितलेलं नाही?"

एक 'नाही' पुरला असता. मास्टर देशद्रोहीऐवजी मूर्ख ठरले असते, आणि मूर्खांना संध्याकाळी घरी जायला मिळतं. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत म्हणाले, "वस्तूच्या वापराबद्दल बोलायची मला परवानगी नाही."

कॅप्टनने लिहायला घेतलं.

गुप्ततेच्या शपथेवर तिथल्या सगळ्यांसारखी वाल्ट्राउटनेही सही केली होती. तिच्या वहीत 'पल्ला' नावाचा रकाना होता. पंखांशिवाय पावणेतीनशे किलोमीटर, पंखांसकट साडेपाचशे. शाळेत भूगोलात तिचा पहिला नंबर असायचा. तरी त्या आकड्याचं टोक समुद्रापलीकडच्या कुठल्या शहरावर पोचतं हे तिने कधी नकाशावर मोजलं नव्हतं. मोजायची गरजच नव्हती; ते तिला ठाऊक होतं.

"त्यांना ठाऊक नाही, साहेब," ती म्हणाली. "लिहायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे तरी बघा."

"फ्रॉयलाइन, खाली बसा."

ती बसली नाही. "मास्टर, ही उतरणार नाहीये."

"उतरणार नाही कशी? काहीतरीच काय!" मास्टर तिच्यावरच चिडले. "आणि पोरगं? ते काय छत्री उघडून उडी मारणार? त्या वेगात? हात उखडून येतील, हात! तुम्हा शिकलेल्या लोकांना कळतं की नाही काही? आईला काय सांगाल त्याच्या?"

कॅप्टनचं पेन थांबलं. त्याने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याने लिहिलेल्या शब्दावर आडवी रेघ मारली, वर 'अनवधान' लिहिलं आणि कागद मिटला. वाल्ट्राउटला वाटलं, संपलं. आता गप्प बसलं तरी चालेल.

पलीकडे पंप थांबले. गोळा रिकामा झाला होता. झडपेकडे कुणी गेलं नाही.

मास्टरांनी नमुना उचलला आणि पोटावरच्या पट्टीवर बोट टेकलं. "ठीक आहे, काढतो ही. पण मला कुणीतरी नीट सांगा. आत बसलेल्याचं काय करायचं ठरलंय?"

कॅप्टन दाराकडे वळला होता. डॉक्टर चष्मा पुसत होते. मास्टर एकेकाच्या तोंडाकडे बघत शेवटी वाल्ट्राउटपाशी थांबले.

"आत कुणीच बसणार नाही, मास्टर," ती म्हणाली. "माणसं आहेत ती खाली, ही जिथे पडणार तिथे."